५४६३ बेसचा एक जादा तुकडा: हा प्लास्मिड आहे का?

काचपट्टी

नमस्कार मंडळी. माझा पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी जीवाणूंच्या जीनोमवर, म्हणजे त्यांच्या संपूर्ण डीएनएवर, काम करते. मातीतून वेगळा केलेला एक स्ट्रेन आहे. त्याचा डीएनए मी काढला, लायब्ररीही (यंत्रात घालायला तयार केलेले डीएनएचे तुकडे) मीच केली, सिक्वेन्सिंग, म्हणजे अक्षरं वाचण्याचं काम, मात्र बाहेरून करून घेतलं. तुकड्यांच्या दोन्ही टोकांकडून १५० बेसचे (अक्षरांचे) रीड, म्हणजे वाचलेले उतारे, आले. स्पेड्स या सॉफ्टवेअरवर असेम्ब्ली केली, म्हणजे रीड एकमेकांना जोडले. जीनोम ४७ लाख बेसच्या आसपास भरला, अपेक्षाही तेवढीच होती. जोडणीतून मिळालेला एकच सलग तुकडा, म्हणजे काँटिग, मला स्वस्थ बसू देत नाहीये.

त्याची लांबी ५४६३. बाकीच्या जीनोमचं कव्हरेज (प्रत्येक बेस सरासरी किती वेळा वाचला गेला) ११० पट, याचं ३२ पट. बाकीच्यांत जीसी, म्हणजे जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण, ६१ टक्के, यात ४५च्या जरा खाली. सुरुवातीचे आणि शेवटचे बेस एकमेकांशी जुळतात, म्हणजे तो वर्तुळाकार असणार. माझ्या मते हा छोटा प्लास्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा वर्तुळाकार तुकडा, आहे. गटातल्या सगळ्यांना मी तसं सांगूनही टाकलंय. पण शोधनिबंधात घालण्याआधी इथल्या जाणकारांना विचारावंसं वाटलं.

दुसरी गोष्ट, याच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही. बऱ्याच रीडच्या शेवटी ओळीने जी येतात. जीजीजीजीजी, कधी वीस, कधी चाळीस. गुणवत्तेचा आकडाही तिथे वाईट नाही. माझ्या जीवाणूत जीसी जास्त आहे म्हणून असं होत असेल का?

उत्तररात्र

५४६३मधून ७७ वजा करा. काय येतं ते इथे लिहा.

काचपट्टी

५३८६ येतात. पण ७७च का?

उत्तररात्र

७७ हा तुमच्या असेम्ब्लरने वापरलेला सर्वांत मोठा के-मर, म्हणजे जोडणीसाठी रीडचे ठरावीक लांबीचे जे तुकडे पाडतात त्यांची लांबी. १५० बेसच्या रीडसाठी स्पेड्स सहसा २१, ३३, ५५, ७७ अशा पायऱ्यांनी चढतो. मूळ रेणू वर्तुळाकार असला की या तुकड्यांच्या जोडणीचा आलेख फिरून स्वतःलाच येऊन मिळतो, आणि काँटिग छापताना तेवढे ७७ बेस सुरुवातीला एकदा आणि शेवटी पुन्हा एकदा येतात. टोकं जुळतात असं तुम्ही लिहिलंत, ते हेच. वर्तुळाची खरी लांबी ५३८६.

हा आकडा या क्षेत्रात जुन्या ओळखीचा आहे. तो फाय-एक्स १७४चा. ई. कोलायवर वाढणारा हा एक छोटा फाज, म्हणजे जीवाणूंना लागणारा विषाणू. तुमच्या मातीत तो नव्हता, सिक्वेन्सिंगच्या रनमध्ये (यंत्राच्या त्या फेरीत) होता. काँटिगचा क्रम डेटाबेसवर ब्लास्ट करून, म्हणजे माहीत असलेल्या क्रमांशी जुळवून, पाहा, मिनिटभरात खात्री होईल.

शंका घ्यायला जागा तुमच्या पोस्टमध्येच होती. गुणसूत्राचं कव्हरेज ११० आणि प्लास्मिडचं ३२, म्हणजे दर तीन-चार पेशींमागे प्लास्मिडची एक प्रत. इतका छोटा प्लास्मिड सहसा उलटा वागतो, पेशीत त्याच्या अनेक प्रती असतात आणि कव्हरेज गुणसूत्राच्या वर जातं. कव्हरेज आणि जीसी दोन्ही बाकीच्या जीनोमपासून दूर असतील तर आधी "हा माझ्या नमुन्यातला आहे का" हे विचारायचं, "हा काय आहे" हे त्यानंतर.

काचपट्टी

ब्लास्ट केलं. फाय-एक्स १७४च आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. उद्या गटाला सांगावं लागेल. वाईट वाटतंय, पण निबंध छापून आल्यावर कळलं असतं तर फार वाईट झालं असतं. मनापासून आभार.

पिंपळपान

मी या क्षेत्रातला नाही, पण धागा सोडवत नाही. दोन प्रश्न. लोकांच्या नमुन्यात विषाणूचा डीएनए मुद्दाम मिसळतात का? आणि एवढे विषाणू पडलेले असताना हाच का निवडला?

उत्तररात्र

पिंपळपान, चांगले प्रश्न आहेत, सविस्तर लिहितो.

हो, मुद्दाम मिसळतात. यंत्र प्रत्येक चक्रात लाखो-कोटी ठिपक्यांचे फोटो काढतं आणि ठिपक्याच्या रंगावरून तिथलं अक्षर ठरवतं. सगळे ठिपके एकाच वेळी एकाच रंगाचे दिसले तर यंत्राला रंगांचा अंदाज बांधता येत नाही. फाय-एक्समध्ये चारही अक्षरं बऱ्यापैकी समतोल आहेत, आणि क्रम आधीच अक्षर न् अक्षर माहीत आहे. त्यामुळे यंत्राने तो किती बरोबर वाचला यावरून त्या रनमधल्या चुकांचं प्रमाण काढता येतं. साध्या लायब्ररीत एखादा टक्का घालतात, सगळे रीड सारख्याच अक्षरांनी सुरू होणार असतील तर बराच जास्त.

या नियंत्रण-डीएनएला सहसा बारकोड, म्हणजे कोणता तुकडा कोणाच्या नमुन्यातला हे सांगणारा छोटा क्रम, नसतो. त्यामुळे त्याचे रीड कुणाच्याच नमुन्यात न जाता "अनिर्धारित" फाइलमध्ये पडायला हवेत. पण शेजारच्या ठिपक्याचा बारकोड चुकून याला चिकटला की थोडे रीड गळतात. थोडेही पुरतात. ५३८६ बेसचा जीनोम ३० पट झाकायला १५० बेसचे जेमतेम १०८० रीड लागतात, आणि काचपट्टींच्या फाइलमध्ये रीड लाखोंनी असणार.

आता हाच का. डीएनए असलेल्या जीनोमपैकी माणसाने सर्वांत पहिला पूर्ण वाचला तो हाच. १९७७ साली, केंब्रिजमध्ये, फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने. सँगर म्हटलं की आपल्याला डायडीऑक्सी पद्धत आठवते, पण फाय-एक्सचा पहिला मसुदा तिच्या आधीच्या "प्लस-मायनस" पद्धतीने केला होता. डायडीऑक्सी पद्धत त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाली. जेलच्या पट्ट्यांवर किरणोत्सारी खुणा, खाली एक्स-रे फिल्म, आणि पट्ट्या डोळ्यांनी वर-खाली वाचत अक्षरं लिहून काढायची. त्यातून आलेला पहिला आकडा ५३८६ नव्हता, ५३७५ होता. पुढच्याच वर्षी नव्या पद्धतीने तपासून त्याच गटाने तो दुरुस्त केला. ११ अक्षरं वाढली आणि आकडा ५३८६ झाला.

एवढ्याशा जीनोमने एक मोठी गोष्टही दाखवली. त्यात जनुकाच्या पोटात जनुक आहे. तीच अक्षरं एका ठिकाणापासून वाचली तर एक प्रथिन, एका घराने सरकून वाचली तर दुसरं.

पुढे २००५मध्ये सोलेक्साने आपली रंगांची पद्धत आजमावताना पहिला जीनोम वाचला तोही फाय-एक्सच. शंकर बालसुब्रमण्यन आणि डेव्हिड क्लेनरमन यांच्या केंब्रिजमधल्या कामातून उभी राहिलेली ही कंपनी २००७मध्ये इल्युमिनाने घेतली. आज जगातल्या असंख्य रनमध्ये सँगरच्या गटाने वाचलेला तोच फाज शांतपणे सोबत वाचला जातो. मला ही गोष्ट फार भावते.

पिंपळपान

५३७५चे ५३८६ झाले हे वाचून थांबलो. पहिला जीनोमसुद्धा दुरुस्त करावा लागला होता तर.

शंखपुष्पी

काचपट्टी, तुमचा जी-जीचा प्रश्न मागे पडला, तो मी घेते. निदानासाठी येणारे नमुने मी रोज पाहते, त्यामुळे या जी-जीच्या शेपटीशी माझा रोजचा संबंध.

याचा तुमच्या जीवाणूच्या जीसीशी संबंध नाही. तुमचं सिक्वेन्सिंग दोन रंगांच्या यंत्रावर झालं असणार. जुन्या यंत्रांत चार अक्षरांना चार रंग होते. वेळ वाचावा म्हणून नव्या यंत्रांत दोनच ठेवले. एका अक्षराला एक रंग, दुसऱ्याला दुसरा, तिसऱ्याला दोन्ही, आणि चौथ्याला काहीच नाही. ते चौथं अक्षर जी. ठिपका काळा दिसला की यंत्र जी लिहितं.

आता तुमच्या लायब्ररीतला एखादा तुकडा ९० बेसचाच आहे असं समजा. यंत्राला १५० वाचायला सांगितलंय. ९० नंतर अ‍ॅडाप्टर, म्हणजे लायब्ररी करताना टोकाला जोडलेला ठरावीक क्रम, सुरू होतो, तोही संपतो, पुढे वाचायला काही उरत नाही. ठिपका काळा पडतो. यंत्राच्या दृष्टीने काळा म्हणजे जी, आणि काळेपणाबद्दल शंका नसल्यामुळे गुणवत्ताही बरी दाखवली जाते. म्हणजे यंत्र "मला काही दिसलं नाही" आणि "मला जी दिसला" या दोन्ही गोष्टी एकाच अक्षराने लिहितं.

उपाय सोपा आहे. फास्टपी हे रीड छाटणारं सॉफ्टवेअर रीडच्या नावावरून यंत्र ओळखून ही शेपटी स्वतःच छाटतं, तरी पर्याय चालू आहे ना ते बघून घ्या. कटअ‍ॅडाप्टमध्येही यासाठी वेगळा पर्याय आहे. त्याआधी एक करा. रीडची फास्टक्यू फाइल उघडून पन्नासेक रीड डोळ्यांनी वाचा. चार-चार ओळी: नाव, अक्षरं, अधिकचं चिन्ह, गुणवत्ता. अहवालातले आलेख सरासरी सांगतात, कशात काय गडबड आहे ते रीड सांगतात. माझ्याकडे नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला हेच करायला लावते.

आणि लायब्ररीतल्या तुकड्यांची सरासरी लांबी तपासा. शेपट्या इतक्या असतील तर डीएनए जास्त फोडला गेलाय, किंवा छोटे तुकडे वेगळे काढताना डीएनए पकडणाऱ्या चुंबकीय मण्यांचं प्रमाण चुकलंय.

काचपट्टी

मण्यांचं प्रमाण! लायब्ररीची नोंदवही काढून बघितली. १.८ पट घातले होते, छोटे तुकडे सगळे आत राहिले असणार. शंखपुष्पीताई, पन्नास रीड वाचले. सव्वीस रीडना शेपूट आहे, आणि जवळजवळ प्रत्येकात शेपटीच्या आधी अ‍ॅडाप्टरचे तेच बेस दिसतात. एकदा दिसल्यावर आता दुसरं काही दिसतच नाही.

रानपाखरू

माझं सरळ मत असं की लांब रीड घ्या, म्हणजे ही सगळी कटकट मिटेल. असेम्ब्लीत सुटे सुटे काँटिग कशाला? नॅनोपोअर या लांब रीड देणाऱ्या यंत्रावर एक रन केला की गुणसूत्र एका वर्तुळात मिळतं. प्लास्मिड असेल तर तोही अख्खा दिसतो, अंदाज बांधावा लागत नाही.

माझा या यंत्रावर जीव आहे, लपवत नाही. साथीच्या विषाणूंवर काम करणाऱ्यांना त्याने काय दिलं ते सांगतो. २०१५मध्ये गिनीत इबोलाची साथ चालू असताना संशोधकांनी अख्खी प्रयोगशाळा विमानाच्या सामानातून नेली, वजन ५० किलोंच्या आत. मार्च ते ऑक्टोबर या काळात १४२ नमुन्यांचे जीनोम वाचले. नमुना हाती आल्यापासून २४ तासांच्या आत उत्तर मिळू शकत होतं, प्रत्यक्ष वाचनाला तासभर किंवा त्याहूनही कमी. कोणाची लागण कोणत्या साखळीतून आली हे तिथल्या तिथे सांगता येत होतं. पुढच्याच वर्षी केट रुबिन्स यांनी तेच छोटं यंत्र अंतराळ स्थानकावर चालवलं.

शंखपुष्पी

रानपाखरूदादा, गिनीच्या कामाबद्दल मलाही तितकाच आदर आहे. पण "सगळी कटकट मिटेल" हे पटत नाही. कटकट बदलते.

नॅनोपोअरमध्ये डीएनएचा धागा छिद्रातून सरकतो आणि विद्युतप्रवाह किती अडतो यावरून अक्षरं ओळखली जातात. छिद्रात एका वेळी काही अक्षरं मिळून असतात. आता आठ ए ओळीने आले तर? प्रवाह स्थिर राहतो. सात ए होते की नऊ, हे धागा किती वेळ सरकला त्यावरून ठरवायचं, आणि सरकण्याचा वेग एकसारखा नसतो. आर१० या नव्या प्रकारच्या छिद्रांत वाचणाऱ्या जागा दोन केल्यामुळे हे पुष्कळ सुधारलं, पण लांब ओळीत चूक अजून होते. जनुकाच्या मधोमध एक ए कमी पडला की तीन-तीन अक्षरांनी वाचायची पुढची सगळी चौकट सरकते आणि जनुक तुटका दिसतो. जीवाणूच्या जीनोममध्ये शेकडो "तुटके" जनुक दिसले तर बिचाऱ्या जीवाणूचा त्यात काही दोष नसतो.

काळी शेपटी हे दोन रंगांच्या यंत्राचं लक्षण, मोजणीतली चूक हे छिद्राचं. लक्षण ओळखीचं असलं की कोणतंही यंत्र विश्वासाने वापरता येतं. मी तरी काचपट्टींना दोन्ही घ्या म्हणेन. सांगाडा लांब रीडचा, अक्षरांची तपासणी छोट्या रीडने. नवं रसायन आणि भरपूर कव्हरेज असेल तर नुसत्या लांब रीडनेही चांगलं काम होतं, तिथे तुमचं म्हणणं मान्य.

रानपाखरू

मान्य. मोजणीची चूक मीही भोगली आहे. एका विषाणूच्या जीनोममध्ये मला मिळालेला "नवा" बदल सहा टींच्या ओळीत होता, आणि पुन्हा वाचल्यावर तो राहिला नाही.

उत्तररात्र

दोघांच्या बोलण्यात माझी थोडी भर. लांब आणि अचूक रीड एकत्र आले की काय होतं याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे टीटूटी, मानवी जीनोम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचण्याचा प्रकल्प.

मानवी जीनोम २००३मध्ये "पूर्ण" झाला असं आपण ऐकलं होतं. खरं तर सुमारे ८ टक्के भाग राहिला होता. आळस म्हणून नव्हे. सेंट्रोमिअरमध्ये, म्हणजे गुणसूत्राच्या आवळलेल्या भागात, सुमारे १७१ बेसचा एकच शब्द हजारो वेळा एकामागून एक येतो. छोट्या रीडमध्ये तुम्हाला त्या शब्दाचा एकच तुकडा दिसतो. तो पाचशेव्या जागेवरचा की पाच हजाराव्या, हे कसं ओळखणार? सगळं आकाश निळं असलेलं चित्र कापून त्याचे तुकडे जुळवत बसण्यासारखं आहे ते.

यावर तोडगा दोन बाजूंनी निघाला. पॅकबायो कंपनीच्या हायफाय पद्धतीत तुकड्याचं वर्तुळ करून तेच अक्षर पुन्हा पुन्हा वाचतात आणि त्या वाचनांचं एकमत काढतात. त्यातून १०-२० हजार बेसचे, ९९.९ टक्क्यांच्या आसपास अचूक रीड मिळतात. नॅनोपोअरने लाखावर बेसचे रीड दिले. एकाने त्या शब्दांमधले बारीक फरक टिपले, दुसऱ्याने लांबच्या लांब पट्टा एका दमात ओलांडला. सीएचएम१३ ही पेशीमालिका मुद्दाम निवडली, कारण तिच्यात गुणसूत्रांच्या दोन्ही प्रती जवळजवळ सारख्याच आहेत, आईची कोणती आणि वडिलांची कोणती हा गुंता नाही. २०२२च्या वसंतात निकाल आला: ३०५ कोटी ५० लाख बेस, आधीपेक्षा जवळपास २० कोटी नवे. त्या पेशीत वाय गुणसूत्र नव्हतं, ते २०२३मध्ये दुसऱ्या पेशींतून पूर्ण झालं: ६,२४,६०,०२९ बेस. शेवटच्या एककापर्यंत आकडा लिहिता येतो, याचा मला अजूनही अचंबा वाटतो.

पिंपळपान

"सगळं निळं आकाश" यावरून मला पहिल्यांदा समजलं की तो ८ टक्के भाग का राहिला. धन्यवाद.

रानपाखरू

काचपट्टी, एक सुचवतो. तुमच्या गटाने आधी सार्वजनिक डेटाबेसमध्ये जमा केलेले जीनोम असतील तर तेही एकदा फाय-एक्सशी पडताळून बघा. २०१५मध्ये १८ हजारांहून जास्त सूक्ष्मजीवांचे सार्वजनिक जीनोम तपासले गेले, त्यांतल्या हजाराहून जास्त जीनोममध्ये फाय-एक्स सापडला. आता जमा करताना चाळणी लागते, पण जुने जीनोम तसेच असू शकतात. आणि ते कोणी संदर्भ म्हणून वापरले की तीच चूक त्यांच्याकडे जाते.

काचपट्टी

तुमचा प्रतिसाद वाचून आज दिवसभर तेच केलं. गटाचे ११ जुने जीनोम आहेत. २०१२ आणि २०१३मध्ये जमा केलेल्या दोघांत फाय-एक्स आहे. एकात अख्खा, दुसऱ्यात अर्धामुर्धा. जुन्या निबंधात त्यातल्या एकावर "फाजसदृश घटक" असं एक वाक्यही आहे.

हे काम माझ्या आधीच्या विद्यार्थ्यांचं. ते आता इथे नाहीत, आणि त्यांनी मन लावून केलेलं काम होतं. सरांना कसं सांगू कळत नाही. दुरुस्ती टाकली तर त्यांच्या नावाला बट्टा लागेल का, हेच मनात घोळतंय.

उत्तररात्र

नाही लागणार. वर लिहिलेलं पुन्हा पाहा. ५३७५चे ५३८६ सँगरच्या गटानेच केले, आणि सँगर यांना दोन वर्षांनी नोबेल मिळालं.

अलीकडचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२०च्या दुसऱ्या आठवड्यात नव्या करोनाविषाणूचा पहिला जीनोम सगळ्या जगासाठी खुला झाला. पहिल्या आवृत्तीची लांबी ३० हजारांच्या वर होती, टोकाला चुकीचे बेस जोडले गेले होते. काही दिवसांत आवृत्त्या सुधारत तो २९,९०३वर आला आणि पुढे सगळ्या जगाने त्यालाच संदर्भ मानलं. तो निर्दोष होईपर्यंत दाबून ठेवला असता तर तपासणी आणि लस या दोन्ही कामांना लागलेले हात तेवढे दिवस रिकामे राहिले असते. लवकर उघड करायचं आणि चूक दिसली की त्याच जागी दुरुस्त करायची, हे या क्षेत्रात नवं नाही. १९९६मध्ये बर्म्युडात जमलेल्या मानवी जीनोमवाल्यांनी जुळवलेला क्रम २४ तासांत सार्वजनिक करायचं ठरवलं होतं. डेटाबेसमध्ये क्रमांकापुढे .१, .२ अशा आवृत्त्या ठेवल्यात त्या यासाठीच. जुनी आवृत्ती पुसली जात नाही, ज्याने ती वापरली त्याला ती सापडते.

सरांकडे जाताना तिन्ही गोष्टी एका कागदावर घेऊन जा: काँटिगची लांबी, ब्लास्टचा निकाल, आणि तो काँटिग काढल्यावर जीनोमच्या बाकी निष्कर्षांत काय फरक पडतो. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. आणि जुन्या विद्यार्थ्यांना आधी कळवा, त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको.

शंखपुष्पी

+१. आधी त्यांना कळवाच.

काचपट्टी

दहा दिवसांनी येते आहे, उशिराबद्दल क्षमा असावी.

दोन्ही जुन्या विद्यार्थ्यांशी बोलले. त्यातल्या एकाने त्याच रात्री त्याच्याकडची मूळ रीडची फाइल शोधून पाठवली. ती आमच्याकडेही नव्हती. सरांनी कागद पाहिला, पहिला प्रश्न विचारला की बाकी निष्कर्ष टिकतात का. टिकतात. त्या "फाजसदृश" वाक्यापुरतं शुद्धिपत्र नियतकालिकाला पाठवलं आहे.

माझ्या स्ट्रेनची लायब्ररी पुन्हा केली, मणी या वेळी ०.८ पट. शेपट्या जवळजवळ गेल्या. त्याच डीएनएवर लांब रीडचा एक रनही घेतला. गुणसूत्र एका वर्तुळात आलं, आणि सोबत एक खरा प्लास्मिड निघाला, ६१ हजार बेसचा. पहिल्या असेम्ब्लीत तो सात काँटिगमध्ये विखुरला होता, म्हणून दिसलाच नव्हता. कव्हरेज गुणसूत्राच्या सव्वापट. फाय-एक्सशी पडताळून पाहिला, काही जुळत नाही.

जुन्या दोन जीनोमच्या नव्या आवृत्त्या आज सकाळी डेटाबेसवर दिसायला लागल्या. दोन्हींच्या क्रमांकापुढे आता .२ आहे.